मिरची नव्हे

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, गाळ्याच्या मागल्या अंगाला
आम्ही सात जणी मिरचीची देठं खुडतो.
संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी.
हात जळतात, त्याचं कुणी बोलत नाही.
म्हणून खाली आग सुरू झाली तेव्हा
म्हटलं, मिरचीचाच हात लागला असेल.
तीन दिवस तेच म्हटलं.
चौथ्या दिवशी पोत्यांच्या आडोशाला
मांडीवर मांडी दाबून उभी होते,
हौसामावशीनं पाहिलं
आणि दुसरीकडं पाहिलं.

त्या जागेला आमच्यात नाव नाही.
खाली म्हणतो. तिथं म्हणतो.
शिवी द्यायची असली की पुरुषांना मात्र
नाव बरोबर सापडतं.

कडुलिंबाचं पाणी झालं. डेटॉल झालं.
मेडिकलवाल्या पोराला म्हटलं, मिस्टरांना गजकर्ण झालंय.
त्यानं ट्यूब दिली. दोन दिवस गार वाटलं,
तिसऱ्या दिवशी लघवीला बसताना भिंत धरली.

नवरा कूस बदलून झोपला.
कुठून आणलंस, असं त्यानं विचारलं नाही.
पण ते न विचारणं
रात्रभर पंख्यापेक्षा मोठ्यानं वाजत राहिलं.

नागरी आरोग्य केंद्रात डॉक्टर तस्नीम वाडकर.
पडदा ओढून म्हणाल्या, अंगावरून कसं जातं?
पांढरं.
पांढरं म्हणजे? ताकासारखं, का दह्याच्या चोथ्यासारखं?

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी
त्या जागेशी माझ्या ओट्यावरच्या भाषेत बोललं.

चोथ्यासारखं. वास नाही. खाज मात्र, बाई,
कातडं सोलून ठेवावंसं वाटतं.

तपासलं. म्हणाल्या, बुरशी आहे.
बऱ्याच जणींच्या आत ती थोडीफार असतेच,
जुन्या भाडेकरूसारखी, गुमान.
आतलं काही बिघडलं की हातपाय पसरते.
कुणी दिलेली नाही. घाणेरडेपणाही नाही.
मी विचारलं, आंबोळीचं पीठ फुगवते तीच का?
हसल्या. तिची चुलतबहीण.

मग योनी म्हणाल्या,
जसं कोपर म्हणावं, गुडघा म्हणावं.
योनीत ठेवायची गोळी, झोपताना, सहा रात्री.
चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी सहाही.
आतून काहीच धुवायचं नाही,
बाहेरून साधं पाणी पुरे.
डेटॉल बंद. ती ट्यूब कचऱ्यात.
चड्डी सुती, आणि ओली अंगावर वाळवायची नाही.

आणि हात! माझी बोटं बघून त्या थबकल्या.
आधी तेल चोळ, मग साबण, मग परत साबण.
नाहीतर औषधाच्या जागी
लवंगी मिरची ठेवशील.
दोघी हसलो. पडद्यापलीकडची नर्ससुद्धा.

वर्षात कितव्यांदा?
त्याच लाल बोटांवर मोजलं. चौथ्यांदा.
त्यांचं हसू थांबलं.
बोट टोचलं. लालावर लाल थेंब
दिसेचना, कापसानं शोधला.
तीनशे बारा.
उद्या उपाशीपोटी परत ये, म्हणाल्या. साखर दिसतेय.
बुरशी त्याच्यावरच माजते.

म्हणजे ही चार वेळा दारात येऊन
खाजवून खाजवून सांगत होती,
आणि मी तिच्या तोंडावर
डेटॉल ओतत होते.

आज पाचवी रात्र.
मोरीत तेल, साबण, साबण.
नवऱ्याला सांगितलं साखरेचं. बाकीचंही सांगितलं,
चोथा हा शब्द वापरून.
तो बराच वेळ छताकडं बघत होता,
मग म्हणाला, सकाळी चहात घालू नको का मग?

दुपारी देठं खुडताना हौसामावशी जवळ सरकली.
मिरचीकडंच बघत, ओठ न हलवता,
मलापण गं, लई दिवस झाले.

मी आवाज खाली केला नाही.
कसं जातं मावशी?
ताकासारखं, का चोथ्यासारखं?
पाच जणींचे हात थांबले.